दुर्गादेवीच्या दुष्काळात ठाण्यात पाऊस किती पडला?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मजल्यावरची नववीतली मुलगी वर्तमानपत्राच्या पुडीत एक पांढरी नळी घेऊन दारात उभी राहिली. पेन्सिलीएवढी जाड, आतून पोकळ, हात लावला की बोटांना पिठूळ लागणारी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्लॅबच्या सांध्यातून अशा दहा-बारा नळ्या लोंबतात. प्लंबर म्हणतो, "चुना उतरलाय."

"मावशी, गुहेतल्या लवणस्तंभांवरून जुना पाऊस कळतो ना? मग यावरून ठाण्याचा कळेल?"

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने तक्त्याचं शीर्षक आधीच ठरवलं होतं: 'ठाण्याचा हजार वर्षांचा पाऊस'. त्यामागे तिची आजी होती. आजीचं माहेर मंगळवेढ्याचं. दामाजीपंतांनी बादशाही कोठार उपाशी लोकांना खुलं केल्याची गोष्ट ती नातीला इतक्यांदा सांगून चुकली होती की, दुष्काळ हा शब्द मुलीला पाठ्यपुस्तकाच्या आधी आजीकडून कळला. दामाजीपंतांच्या दुष्काळाचं साल सगळीकडे एक सापडत नाही. पण त्याच काळाच्या मागेपुढे येणारा दुर्गादेवीचा दुष्काळ जुन्या गॅझेटियरांत १३९६ पासून बारा वर्षांचा म्हणून नोंदलेला आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय की, जिल्हेच्या जिल्हे ओस पडले आणि गोदावरी-कृष्णेच्या दरम्यानच्या मुलखातून पुढे तीसेक वर्षं महसूल जेमतेम निघत होता. मुलीला विचारायचं होतं ते एवढंच: त्या बारा वर्षांत आपल्या ठाण्यात पाऊस किती पडला?

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात फार थोड्या वेळा आला. त्याच्या उत्तरापर्यंतची वाट सगळा पावसाळा पुरली. त्या वाटेवरची जी वळणं मोठी माणसंही न बघता ओलांडतात, ती इथे सविस्तर लिहिते आहे.

पार्किंगमधली नळी

आधी नळीचा निकाल लावायचा ठरलं. तिच्यावर व्हिनेगर टाकलं तशी ती फसफसली. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि गुहेत ठिबकत्या पाण्यातून वाढणारा दगडी लवणस्तंभही त्याचाच. मुलीचा चेहरा उजळला. मग आम्ही टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि स्लॅबखाली ठिबकणाऱ्या थेंबाखाली धरला. कागद लालभडक झाला. आजी शेजारीच उभी होती. "हळदीला चुना लागला की कुंकू होतं, त्यात काय नवल?" ती म्हणाली.

नवल त्यातच होतं. गुहेत ठिबकणारं पाणी हळदीला असं लाल करत नाही. तिथे पावसाचं पाणी आधी मातीतून जातं, मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवत खाली उतरतं. गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की थेंब तो वायू सोडून देतो, आणि विरघळलेला चुना कॅल्साइट होऊन थरावर थर बसतो. स्लॅबमध्ये याच्या उलट घडतं. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्यात उतरतो, पाणी कमालीचं आम्लारिधर्मी होतं, आणि थेंब बाहेर आल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड स्वतःकडे ओढून घेतो. गुहेतला थेंब वायू देतो, पार्किंगमधला घेतो. लवणस्तंभावरून जुना पाऊस ओळखतात तो त्यातल्या ऑक्सिजनवरून. पण नळीतल्या ऑक्सिजनचा बराच भाग पावसाच्या पाण्यातला नसतोच, तो हवेतल्या वायूतून आलेला असतो. शिवाय ही क्रिया इतक्या घाईने होते की ऑक्सिजनच्या हलक्या अणूंना झुकतं माप मिळतं. नळी वाढते तीही गुहेतल्या नळीच्या कितीतरी पट वेगाने.

तरीही मुलगी म्हणाली, "पण पाणी तर पावसाचंच ना?" यावर तिच्या बाबांनी आठवण करून दिली की तो कोपरा मे महिन्यातही ठिबकत होता. वरच्या पाइपची गळती. म्हणजे पाणीसुद्धा नळाचं.

आपल्याकडे गुहा आहेत, पण

"मग कान्हेरी?" हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय उद्यान आमच्या खिडकीतून दिसतं, त्यामुळे तो येणारच होता. कान्हेरीची लेणी माणसांनी ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून दख्खन घडलं. त्या काळ्या पाषाणात चुनखडक नाही, म्हणून पाणी झिरपलं तरी लवणस्तंभ वाढत नाहीत. तिथल्या भिक्षूंनी पावसाचं पाणी साठवायला प्रत्येक लेण्याशी टाकी खोदली, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. त्यांनी पाऊस साठवला, पण त्याची नोंद त्या दगडात उमटली नाही.

सह्याद्रीतच शोधायचं तर खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात अकलगवी गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभावरून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ३३१ वर्षांच्या पावसाचा माग काढला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम घाटातला म्हणून आमच्या कामाला तोच सगळ्यात जवळचा. पण तो सतराव्या शतकाच्या मागे जात नाही. दुर्गादेवी त्याच्या जन्माआधीची.

दंडक

राहिली ती छत्तीसगडमधल्या बस्तरच्या कांगेर खोऱ्यातली दंडक गुहा. आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तिथल्या लवणस्तंभावरून इ.स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या मान्सूनचा आलेख मांडला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पहिल्या अर्ध्यात त्यात कोरडे कालखंड एकामागून एक दिसतात, काही अनेक वर्षं टिकलेले, काही दशकांच्या मापाचे. दुर्गादेवीचा दुष्काळ त्यांनी स्वतःच त्या आलेखाशी ताडून पाहिला आहे. मुलीने हाच आलेख फोनवर पाहिला होता आणि तिथूनच तिच्या मनात 'ठाण्याचा पाऊस' तयार झाला होता.

तो आलेख कसा वाचतात, यावर आमचे तीन शनिवार गेले.

पहिली गोष्ट वयाची. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे थर बसतो तेव्हा त्यात युरेनियम असतं, थोरियम नसल्यातच जमा. पुढे युरेनियमच्या क्षयातून थोरियम-२३० साचत जातं, आणि त्याचं स्वतःचं अर्धायुष्य सुमारे ७५,६०० वर्षं. दोघांचं प्रमाण मोजलं की थर कधी बसला ते निघतं. ही पद्धत सुमारे सहा लाख वर्षांपर्यंत पोचते, म्हणून सहाशे वर्षांपूर्वीचं साल तिला अवघड जाऊ नये असं वाटतं. इथेच सांभाळावं लागतं. थर तरुण असेल तर थोरियम अगदी थोडं जमलेलं असतं, आणि मातीतून आलेलं परकं थोरियम त्यात मिसळलं की साल मागेपुढे सरकतं. शिवाय प्रत्येक थराचं वय मोजत नाहीत. काही ठिकाणी मोजतात आणि मधली वर्षं वाढीच्या वेगावरून भरतात. म्हणून आलेखातल्या खोलगट भागावर बोट ठेवून "हे १३९६" म्हणणं म्हणजे आपल्याला हवं ते साल त्याच्याकडून वदवून घेणं. मुलीने नेमकं तेच केलं होतं, लाल स्केचपेनने. मी तिला रागावले नाही, कारण इतिहासाच्या गाजलेल्या तारखेकडे आलेख ओढून नेण्याचा मोह जाणत्यांनाही होतो.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. निसर्गातल्या पाचशे ऑक्सिजन अणूंत साधारण एक जड असतो, ऑक्सिजन-१८. ढगातून पाऊस पडताना जड अणूचं पाणी आधी उतरतं, म्हणून उरलेली वाफ हलकी होत जाते. उष्ण कटिबंधात जिथे उंच ढगांतून भरपूर पाऊस होतो, तिथे त्या पावसात जड ऑक्सिजन कमी भरतो. १९६४ मध्ये डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने हा संबंध मांडला. थोडक्यात, थरात जड ऑक्सिजन जास्त तर मान्सून दुबळा. मुलीने आधी याच्या उलट धरलं होतं: जड म्हणजे जास्त. तिने तांदूळ आणि राजमा एका चाळणीतून पाडून स्वतःच ते दुरुस्त केलं. मोठे दाणे आधी बाजूला झाले, आणि शेवटी चाळणीखाली काय उरतं हे तिने आईला दाखवलं.

मग ठाण्यात कुणीही विचारेल तो प्रश्न आला: २६ जुलै दिसेल का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस लवणस्तंभात उमटेल का? बहुधा नाही. एवढ्या पावसाचं बरंचसं पाणी वाहून जातं. जे मुरतं ते माती आणि खडकाच्या भेगांत आधीच्या महिन्यांच्या, कधी आधीच्या वर्षांच्या पाण्यात मिसळतं आणि मगच छतातून थेंब होऊन पडतं. लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी वाढतो. त्याच्या थरात ऋतू आणि वर्षं एकमेकांत कालवलेली असतात. आपल्या आठवणीत एक दिवस राहतो, दगडात काही वर्षांचा सरासरी कल राहतो.

एकाच अक्षांशाची भूल

ऑगस्टमध्ये मुलीने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. ठाणे आणि दंडक दोन्ही एकोणीस अंशांच्या आसपास. "सरळ रेषेत आहेत, मावशी!" मधे साडेनऊशे किलोमीटर, पण रेष सरळ.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. ठाण्याचा पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना सह्याद्री आडवा आल्यामुळे पडतो. किनाऱ्यावर ही वाफ नुकतीच समुद्रावरून आलेली असते, फारशी झडलेली नसते. बस्तरचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून जमिनीवर चढणारे कमी दाबाचे पट्टे घेऊन येतात. एकच मान्सून, पण दारं वेगळी. त्यामुळे दंडकमधला जड-हलक्याचा फरक घेऊन त्यावरून ठाण्याचे मिलिमीटर काढणं अशक्य आहे. तसं पाहिलं तर दंडकचेही थेट मिलिमीटर निघत नाहीत. वाफ कुठून आली, वाटेत किती झडली, हेही त्याच आकड्यात मिसळलेलं असतं.

मग बस्तर आपल्याबद्दल काहीच सांगत नाही का? सांगतं, आणि ते मेघालयातल्या एका गुहेमुळे कळतं. सिन्हा यांच्याच गटाने २०११ मध्ये मध्य भारतातल्या दंडक आणि झुमर गुहांचे आलेख मेघालयातल्या वाह शिकार गुहेशेजारी ठेवले. कित्येक दशकं ते एकमेकांच्या विरुद्ध जातात: इथे कोरडं, तिथे ओलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यातला एक खोटा. पण शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट आठवा. भर पावसाळ्यात पावसाने ओढ दिली, खंड पडला की मान्सूनचा कमी दाबाचा आस उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. मध्य भारत कोरडा पडतो, कोकणातही उघडीप येते, आणि ईशान्येत धो धो पाऊस होतो. हे आठवड्या-दोन आठवड्यांचं वागणं. ज्या दशकांत असे खंड वारंवार पडत राहिले, ती दशकं मध्य भारताच्या गुहेत कोरडी आणि मेघालयात ओली उमटली असावीत, असं हा अभ्यास सुचवतो. दोन गुहांचं भांडण नाहीच, दोघी एकच गोष्ट दोन टोकांकडून सांगतायत.

हे ऐकताना आजी पुढे सरकून बसली. "म्हणजे पाऊस यायचाच नाही असं नव्हे," ती म्हणाली, "यायचा, आणि पेरणी झाल्यावर दडी मारायचा. दुष्काळ तसाच येतो." मंगळवेढं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तिथल्या माणसाला वर्षाच्या एकूण आकड्यापेक्षा खंड कधी पडला याची चिंता जास्त. मला तेव्हा जाणवलं की मुलीचा प्रश्न ठाण्याचा असला तरी उत्तर आजीच्या माहेराकडे झुकतंय. दख्खनच्या पठारावरच्या दुष्काळाला मध्य भारताचा खंड जितका लागू पडतो, तितका अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या ठाण्याला लागू पडेलच असं नाही. ठाण्यात पावसात मोठी तूट आली तरी भात कदाचित हाती लागतो. मंगळवेढ्यात त्याच्या निम्म्या तुटीत ज्वारी हातची जाते.

मॉडेलला काय विचारावं

सप्टेंबरमध्ये मुलीच्या मावसभावाने, जो इंजिनीअरिंगला आहे, एक सोपा तोडगा सुचवला: हवामानाच्या मॉडेलमधून ठाण्याचं १३९६ काढ. संगणकाने गेल्या हजार वर्षांचं हवामान चालवून पाहिलेले प्रयोग खरोखर आहेत, त्यांचे निकाल खुलेही आहेत. तरीही हा तोडगा दोन कारणांनी बसत नाही.

एक, चौकट. असं लांबचं मॉडेल पृथ्वीचे साधारण शंभर ते दोनशे किलोमीटरचे चौकोन पाडतं. त्या मापाच्या एका चौकोनात ठाणे, लोणावळा आणि पुणे एकत्र येऊ शकतात: कुठे अडीच हजार मिलिमीटर, कुठे चार हजारांच्या वर, कुठे सातशेच्या आसपास. सह्याद्रीची भिंत त्यात एक मंद उतार होऊन जाते. ज्या भिंतीमुळे ठाण्याला पाऊस मिळतो, तीच मॉडेलमध्ये झिजलेली असते.

दोन, साल. मॉडेलला सूर्य, ज्वालामुखी, हवेतले वायू हे बाहेरचे घटक खऱ्या तारखांनी दिलेले असतात. १२५७ मध्ये इंडोनेशियाच्या लोम्बोक बेटावरचा सामालास फुटला, तो मॉडेलमध्येही १२५७ लाच फुटतो. पण एल निनोसारखी समुद्राची आपली आपली चाल मॉडेलमध्ये स्वतंत्रपणे घडते. त्यामुळे मॉडेलमधलं १३९६ हे आपलं १३९६ नसतं. त्याला "त्या वर्षी काय झालं" विचारायचं नाही. विचारायचं ते असं: बारा वर्षांची अशी ओढ या हवामानात आपोआप येऊ शकते का, आली तर किती वेळा, आणि ती मध्य भारतात असते तेव्हा किनाऱ्यावर काय असतं?

मॉडेलचा आणखी एक उपयोग मला यापेक्षाही मोलाचा वाटतो. काही मॉडेलांत जड आणि हलकं पाणी वेगळं धरून, समुद्रातून वाफ होण्यापासून पाऊस पडण्यापर्यंत त्याचा पाठलाग करता येतो. चीनमधल्या हुलू आणि इतर गुहांच्या लवणस्तंभांत हिमयुगातले मोठे चढउतार दिसतात. ते स्थानिक पावसाचेच, असं बराच काळ मानलं गेलं. २०११ मध्ये पाउसाता आणि सहकाऱ्यांनी मॉडेलमध्ये उत्तर अटलांटिकात हिमखंडांचं गोडं पाणी सोडून पाहिलं. हिंदी महासागराचा उत्तर भाग थंड झाला, भारतातला पाऊस घटला, वाफ वाटेत कमी झडली आणि चीनपर्यंत जड राहूनच पोचली. चिनी गुहेने लिहून ठेवलेला बदल पुष्कळ अंशी भारताच्या पावसाचा होता! हे वाचून दाखवलं तेव्हा मुलीने वहीत एक ओळ लिहिली: "गुहा ज्या ठिकाणी आहे, तिथलाच पाऊस ती सांगते असं नाही."

उलट दिशेचंही उदाहरण आहे. उत्तर लाओसमधल्या थाम दोउन माय गुहेत सुमारे पाच ते चार हजार वर्षांपूर्वीचा हजार वर्षांहून लांबलेला कोरडा काळ सापडला. २०२० च्या त्या अभ्यासात मॉडेलने त्याचा धागा एकेकाळच्या हिरव्या सहाराचं वाळवंट होण्याशी जोडून दाखवला: झाडोरा गेला, धूळ वाढली, हिंदी महासागर थंडावला आणि वाऱ्यांचं मोठं चक्र सरकलं. लवणस्तंभ एकटा 'का' सांगत नाही. मॉडेल एकटं 'कधी' सांगत नाही.

तक्ता

शीर्षक तीनदा बदललं. 'ठाण्याचा हजार वर्षांचा पाऊस' गेलं. 'दुर्गादेवीच्या काळातला ठाण्याचा पाऊस' हेही गेलं. आमच्यात खरा वाद झाला तो यावरच, कारण ठाण्याचं नाव काढलं तर इथली शाळा ऐकेल का, ही तिची शंका रास्त होती. शेवटी ठाणे शीर्षकातून निघून नकाशावर आलं. दंडक, अकलगवी, मेघालय, मंगळवेढं आणि ठाणे या पाच ठिकाणी टाचण्या, आणि प्रत्येकीशेजारी तिथे वाफ कुठून येते याचे बाण. लाल स्केचपेनची १३९६ ची रेष पुसून तिथे तिने रुंद फिका पट्टा काढला, दोन्ही कडा मुद्दाम पुसट ठेवलेला. लालभडक झालेला हळदीचा कागद आणि पार्किंगमधली नळी एका खोक्यात, 'ही का चालत नाही' अशा चिठ्ठीसह.

प्रदर्शनात एका परीक्षकांनी विचारलं, "एवढं केलंस, पण मिलिमीटर कुठे आहेत?" ती म्हणाली, "सर, ते या दगडात नाहीत. पाऊस बरीच वर्षं सारखा ओढ देत होता, एवढं यात आहे." तिने तक्त्यावर आधी 'पर्जन्यमानात दीर्घकालीन घट' असं लिहिलं होतं. 'ओढ' हा शब्द आदल्या रात्री आजीने घालायला लावला होता.